विचारलं तेवढंच

प्रिय मीरा आणि निखिल,

मागच्या रविवारी मीराने फोनवर सहज सांगितलं, की आता तिच्या प्रयोगशाळेतून बाहेर जाणाऱ्या कागदांवर खाली तिची सही असते. सरबतातला रंग, बिस्किटं टिकावीत म्हणून घातलेलं काहीबाही, ते सगळं ती तपासते आणि खाण्याजोगं आहे की नाही ते लिहून देते. मी "छान" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे दोन दिवस ते "छान" मला अपुरं वाटत राहिलं. मीसुद्धा तुमच्या आईच्या जन्माआधीपासून हेच काम केलं. तुम्हाला मी त्यातल्या गमतीच तेवढ्या सांगत आले. एक गोष्ट सांगायची राहिली, आणि आता माझं वय पाहता ती लिहूनच ठेवलेली बरी. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून वाक्यं साधी ठेवते. घाई करू नका.

गोष्ट माझ्या पहिल्या साहेबांची आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. सरकारी कागदांत ते नाव ज्या शब्दांच्या शेजारी बसलं आहे, त्या शब्दांसकट ते तुमच्यापर्यंत पोहोचू नये असं मला वाटतं. बाजारात त्यांना "लोकरवाले" म्हणत. आम्ही "साहेब" म्हणायचो.

आमची प्रयोगशाळा म्हणजे भिलाईतल्या पावर हाउस नावाच्या वस्तीत, बाजारामागच्या पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या. भिलाईत तेव्हा सगळंच बांधून व्हायचं होतं. पोलादाच्या कारखान्याच्या चिमण्या उभ्या राहत होत्या, क्वार्टरं रांगेने वर येत होती आणि लाल धूळ सगळ्यांच्या आधी सगळीकडे पोहोचलेली असायची. सकाळी पुसलेली काच दुपारी पुन्हा पुसावी लागे. मी नागपूरहून बी.एस्सी. करून आले होते. थोरला भाऊ कारखान्यात होता, सेक्टर 2 मध्ये त्याच्या क्वार्टरात राहायचे आणि सायकलवरून कामाला जायचे. साडीतली मुलगी सायकलवर बघायला लोक थांबत. पहिले पंधरा दिवस थांबले, मग त्यांना सवय झाली.

पहिल्या दिवशी मी साहेबांना विचारलं, "साहेब, प्यायचं पाणी कुठे आहे?"

"माठात," ते म्हणाले आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं.

माठ शोधायला मला दहा मिनिटं लागली. तो मागच्या ओसरीवर, निंबाच्या सावलीत होता. मला वाटलं, नवी म्हणून थट्टा करत आहेत. थट्टा नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते द्यायचे, त्याच्या पुढचं देत नसत. "साहेब, जेवलात?" "नाही." एवढंच. "का?" विचारलं तर म्हणत, "हा दुसरा प्रश्न झाला," आणि मग त्याचंही उत्तर तेवढंच.

त्याला कारण होतं. ते आधी रेल्वेत होते. इंजिनांच्या बॉयलरमध्ये भरायचं पाणी तपासायचे. पुढे एका जिल्ह्याच्या ठिकाणी अन्नाच्या भेसळीचं काम करू लागले. तिथे एका व्यापाऱ्याच्या तेलात भेसळ सापडली, आणि अहवालात साहेबांनी एक ओळ जास्तीची लिहिली, कोणी न विचारलेली. कोर्टात व्यापाऱ्याच्या वकिलाने तीच ओळ धरली. ही ओळ कशावरून, हे तपासायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, म्हणजे मन आधीच कलुषित होतं तर. व्यापारी सुटला. साहेबांनी तेव्हापासून नियम केला आणि तो मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. "बाई, कागदावर विचारलं तेवढंच लिहायचं. एक शब्द जास्त लिहिलात, तर वकील त्या शब्दाला धरून अख्खा कागद फाडतो."

मला नियम आवडतात, तुम्हाला माहीत आहे. मला तो नियम फार आवडला.

आता लोकरीचं सांगते. मिठाईतला रंग कोळशाच्या डांबरापासून केलेला आहे की हळद-केशराचा, हे कळायला तेव्हा आमच्याकडे एक सोपी रीत होती. पदार्थ पाण्यात कालवायचा, त्यात थोडं आम्ल घालायचं आणि पांढऱ्या लोकरीचा धागा सोडून उकळायचं. डांबराचा रंग लोकरीला घट्ट धरतो. धागा धुतला तरी रंग जात नाही. मग तो धागा अमोनियाच्या पाण्यात उकळून रंग सोडवायचा आणि त्याच रंगात दुसरा कोरा धागा घालायचा. दुसराही रंगला की शंका उरत नाही. साहेब लोकर स्वतः निवडून आणत, स्वतः धूत, स्वतः वाळवत. मे महिन्यात भिलाईत पत्र्याखाली जीव नको होतो, आणि हा पन्नाशीचा एकटा माणूस ओसरीवर पांढऱ्या लोकरीच्या लडी पसरून बसलेला. समोरचा हलवाई ओरडायचा, "साहब, स्वेटर किसका बुन रहे हो? ससुराल से नाप आ गया क्या?"

"आपकी जलेबी का," साहेब म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात त्याच्या जिलबीचा नमुना आला आणि तो हसायचा थांबला.

त्यांच्या खिशात कायम एक लहानशी लड असे. माझ्या भाच्याच्या बारशाला मी त्यांना बोलावलं. वहिनीने बाजारातून जिलबी आणली होती. साहेबांनी वहिनीकडे एक पातेलं मागितलं, थोडा व्हिनेगर मागितला, आणि स्वयंपाकघरात उभे राहून धागा उकळला. पाव्हणे ताटं धरून बसलेले. धागा पिवळाधमक निघाला. ते "नाही" म्हणाले, हात धुतले, बाळाच्या हातात रुपया दिला आणि न जेवता निघून गेले. काय "नाही", हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

"वन्सं, तुमचे ते साहेब पुन्हा या घरात नकोत," वहिनी म्हणाली. "माझ्याच पातेल्यात माझीच अब्रू उकळून गेले."

भावाने मात्र ती जिलबी खाल्ली. म्हणाला, इथे आपण रोज जे श्वासातून घेतो त्याच्यापुढे हे काय.

बाटल्या धुवायला आणि झाडायला तुळशीराम होता. भंडाऱ्याकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याच्या घरच्यांनी नागपूरला दीक्षा घेतली होती आणि बाबासाहेबांची तसबीर त्याने प्रयोगशाळेतल्या आपल्या खुंटीवरही लावली होती. मी यायच्या आधी तिथल्या दोघा कारकुनांनी चहाचे आपले कप घरून आणून ठेवले होते. तुळशीरामने धुतलेल्या भांड्यात चहा नको म्हणून. एके दिवशी साहेबांनी ते कप उचलले आणि विषाच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. त्यानंतर सगळ्यांचा चहा काचेच्या बीकरमध्ये, तुळशीरामने धुतलेल्या. कारकुनांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ह्याने धुतलेल्या काचेवर मी कोर्टात शपथ घेतो. तुम्हाला चहा प्यायला काय होतं?"

आणखी एक सवय होती आणि पुढचं सगळं तिच्यापाशी येतं. जो नमुना पास झाला, त्यातली चिमूटभर ते खायचे. नमुना घेऊन आलेला निरीक्षकाचा शिपाई समोर असताना, उभ्याने, काही न बोलता. कच्चं पीठ असो, मसाला असो. मग सही. लोकांना ते फार आवडायचं. "लोकरवाल्याने खाल्लं," म्हणजे झालं. मी एकदा विचारलं, "साहेब, हे कशाला?"

"बॉयलरला गेज असतो, बाई. आत काही बिघडलं तर काटा सांगतो. माणूस खातो आणि गप्प राहतो. कोणीतरी आधी खाऊन दाखवलं पाहिजे."

त्या वर्षी दिवाळीनंतर बाजारात रंग लावलेल्या डाळीचं प्रकरण झालं होतं. हलकी डाळ पिवळ्या रंगात घोळून तूर म्हणून विकायची, असा प्रकार. आमच्याकडे अशा डाळीवर आम्ल टाकलं की जांभळट गुलाबी व्हायची, पोरीबाळींच्या रिबिनीसारखी. बातमी कामगारांच्या छावण्यांपर्यंत गेली. एका कंत्राटदाराच्या छावणीत, तिथे मजुरीचा काही भाग धान्यात मिळायचा, मजूर अडून बसले. ही पिवळी डाळ आम्ही घेत नाही, आधी तपासा. आरोग्य निरीक्षकाने नमुना पाठवला. सोबतच्या छापील फॉर्मवर, "काय तपासायचे" या रकान्यात एवढंच होतं: डाळीस कृत्रिम रंग लावला आहे काय?

नमुना माझ्याकडे आला. मी आम्ल टाकून पाहिलं, काही नाही. लोकर उकळली, धागा पांढरा राहिला. रंग नव्हता. पण डाळ हातात घेतली तेव्हाच मला कळलं होतं, की ही तूर नाही. तुरीची डाळ गोल असते. ही एका बाजूने कुऱ्हाडीच्या पात्यासारखी उतरती होती. ही लाख. छत्तीसगढात तिला तिवरा म्हणतात. आमच्याकडेही ती घरात असायची, पण माझी आई ती जपून वापरायची, कारण सलग काही महिने पोटभर हीच खाल्ली तर पाय जातात, हे आमच्या बाजूला म्हातारी माणसं सांगत आणि आमच्या पुस्तकातही होतं. पाय जातात म्हणजे तुटत नाहीत. आखडतात, आणि पुन्हा सुटत नाहीत.

मी साहेबांकडे गेले. "साहेब, ही तूर नाही. लाख आहे."

"प्रश्न काय आहे?"

"रंग आहे काय."

"आहे?"

"नाही."

"मग?"

तो क्षण मी गेली साठ वर्षं पुन्हा पुन्हा तपासला आहे. मी आणखी एकदा बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी पाच नमुने बाकी होते, मला नोकरीत कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर होता, आणि खरं सांगायचं तर त्यांचा नियम मला इतका पटला होता, की बोलणं हाच मला आगाऊपणा वाटला असता. मी टाइप केलं: कृत्रिम रंग आढळला नाही. साहेबांनी चिमूटभर डाळ दाताखाली फोडली, शिपायासमोर गिळली आणि सही केली.

त्या कागदाचं पुढे काय झालं, ते आम्हाला चार महिन्यांनी कळलं.

होळी होऊन गेली होती. तुळशीराम सकाळी उशिरा आला, असा तो कधी येत नसे. झाडू हातात धरून साहेबांच्या दारात उभा राहिला.

"साहेब, एक विचारू का?"

"विचार."

"माह्या लहान्या भावाले चालता येऊन नाही राहिलं. सुखदेव. तो त्या कंत्राटदाराच्या छावणीत आहे जी, विटा वाहते. आधी म्हणे पोटऱ्या आखडतात. मले वाटलं, उन्हानं असल, कामानं असल. काल पाहाले गेलो तर पंज्यावर चालून राहिला. गुडघ्यावर गुडघा चढते त्याच्या. डॉक्टर म्हणते अंगात वारं गेलं. वाऱ्यानं असं होते का जी?"

साहेबांनी विचारलं, "छावणी कोणती म्हणालास?" आणि हे त्यांनी पहिल्यांदाच केलं, ऐकलेलं पुन्हा विचारलं.

आम्ही तिघे गेलो. साहेब नमुना जिथून येतो तिथे कधी जात नसत. त्यांचं म्हणणं, जागा पाहिली की माणसं दिसतात आणि हात हलतो. छावणी म्हणजे तट्ट्यांच्या झोपड्यांच्या दोन रांगा, मध्ये रेशनचं दुकान. दुकानाच्या फळीवर, काचेच्या चौकटीत, आमचा अहवाल लावलेला होता. शिक्का, सही, सगळं. त्याखाली कोणीतरी खडूने हिंदीत लिहिलं होतं, "जाँची हुई दाल."

सुखदेव झोपडीच्या दाराशी बसला होता. वीस-बावीसचा, भावापेक्षा उंच. साहेबांनी त्याला चालून दाखवायला सांगितलं. त्याने बायकोच्या खांद्याला धरून उठायला वेळ घेतला, मग टाचा न टेकता, गुडघे वाकवून, एक पाय दुसऱ्यासमोर आडवा टाकत सहा-सात पावलं गेला आणि तट्ट्याला धरून थांबला. आणखी चौघे तसेच चालणारे होते. ते बघायला आले होते आणि ओळीने उभे होते.

"खातोस काय?" साहेबांनी विचारलं.

"डाळ जी."

"आणि?"

"तांदूळ पंध्रा दिवसांत संपते. मंग डाळच. तिचाच घाटा, तिच्याच भाकरी."

"आधी तुम्ही लोक ही डाळ घेत नव्हता. मग का घेतली?"

सुखदेवने मान वर केली. "कावून म्हंजे? तुमचा कागद लागला ना जी. मले वाचता येत नाही, पण मीनंच साऱ्याईले सांगितलं. म्हटलं, माहा भाऊ तिथं काम करते, तिथला साहेब सोता खाऊन पाहाते. खा बिनधास्त."

तुळशीराम खाली बसला.

परत येताना साहेब आमच्या पुढे चालत होते. पावर हाउसच्या फाटकापाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं. गाडी जाईपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले आणि ती गेल्यावर म्हणाले, "मी चिमूट खाल्ली, बाई. त्यांनी चार महिने खाल्ली."

त्यानंतर मी त्यांना कोणताही नमुना खाताना पाहिलं नाही.

सुखदेवसाठी प्रश्न सरळ होता. काम न जमणाऱ्याला कंत्राटदार छावणीत ठेवत नसे. डाळीमुळे पाय गेले असं कागदावर आलं असतं, तर उपचार आणि बसून करायचं काहीतरी काम मागता आलं असतं. नाहीतर गावी परत, आणि गावी त्याची वीतभर जमीन नव्हती. बायकोला दिवस गेले होते. त्याचा अर्ज तुळशीरामने माझ्याकडून लिहून घेतला. लिहिताना त्याने मला विचारलं, "बाई, तुमाले माहीत होतं?"

मी "हो" म्हणाले.

त्याने अर्जाचा कागद घडी करून खिशात ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी कामाचं बोलायचा, नीट बोलायचा. चहाचा आपला बीकर मात्र घेऊन बाहेर पायरीवर बसायचा. मी तिथे असेपर्यंत तो पुन्हा आत बसून चहा प्यायला नाही.

साहेबांनी मला दुसऱ्या दिवशी टाइपरायटरवर बसवलं आणि एक अहवाल सांगितला. कोणी न विचारलेलं लिहायची, त्या तेलाच्या ओळीनंतर, त्यांची ही दुसरी वेळ असावी. अहवाल इंग्रजीत होता, मराठीत असा होईल: अमुक क्रमांकाच्या नमुन्याबाबत दिलेले उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. ती डाळ लाखेची होती. ती रोज मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय कायमचे निकामी होतात. सही करताना मला हे माहीत होते. माझ्या सहायिकेने त्याच दिवशी मला सांगितले होते. या डाळीचे वाटप आजच थांबवावे, आणि ज्यांचे पाय गेले त्यांची जबाबदारी घ्यावी.

"सहायिकेचं वाक्य काढा, साहेब," मी म्हणाले. "मी एकदाच बोलले होते."

"तुम्ही बोलला होता का?"

"हो, पण..."

"मग राहू द्या."

त्या एका वाक्याने मी वाचले. त्यांनी मुद्दाम ते घातलं हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी ते टाइप केलं.

डाळ थांबली, एवढं खरं. निरीक्षक भला माणूस होता. त्याने वरून काही यायची वाट न बघता, कार्बन प्रत हातात घेऊन दुकानाला कुलूप लावलं. पण कागदांचा कारभार वेगळा चालला. कार्यालयाने चौकशी बसवली ती डाळीची नाही, साहेबांची. एकाच नमुन्यावर दोन अहवाल कसे. तिघे अधिकारी टेबलामागे बसले होते. मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून मी तिथे होते.

"पहिला अहवाल चूक होता?" मधल्याने विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले.

"मग दुसऱ्याची गरज काय?"

"पहिला पुरा नव्हता."

"तुम्हाला जे विचारलं होतं त्याचं उत्तर पहिल्यात पूर्ण होतं की नव्हतं?"

मला आतून वाटत होतं, आता तरी साहेब नियम मोडतील, भरभरून बोलतील, छावणीतली ती रांग सांगतील. कदाचित त्यांना ते येतच नव्हतं. इतकी वर्षं न वापरलेलं काही माणसाला ऐनवेळी वापरता येत नाही. ते म्हणाले, "विचारलं होतं त्याचं पूर्ण होतं."

"धन्यवाद," मधला म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं.

मग मला विचारलं, तुमची चाचणी बरोबर होती का. मी "हो" म्हणाले. पुढे काही विचारलं नाही, आणि मीही पुढे काही बोलले नाही. गप्प बसण्याची ही माझी दुसरी वेळ.

निकाल असा आला: पहिला अहवाल योग्य. दुसरा अधिकाराबाहेरचा, म्हणून रद्द. सुखदेवच्या आणि त्या चौघांच्या अर्जांना पहिल्याच अहवालाची नक्कल टाचून ते परत आले. डाळीत दोष आढळला नव्हता, सबब विचार करता येत नाही. चौघे आपापल्या गावी गेले. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. साहेबांना नोकरीतून काढलं. ते जायच्या आधीचे दोन महिने सुखदेव आणि त्याची बायको त्यांच्या भाड्याच्या खोलीत राहिली. साहेब ओसरीवर झोपायचे. शेजारपाजारच्यांनी नावं ठेवली. आधी लोकर, आता हे. सुखदेवची मुलगी त्याच खोलीत जन्मली. साहेब भिलाई सोडून गेल्यावर तुळशीरामने भावाला आपल्याकडे नेलं आणि पावर हाउसला सायकलच्या पंक्चरचं दुकान काढून दिलं. हातांना काही झालं नव्हतं.

मी त्या प्रयोगशाळेत, आणि नंतर दुसऱ्या दोन ठिकाणी, मिळून एकतीस वर्षं नोकरी केली. प्रत्येक अहवालाखाली मी एक ओळ लिहायचे: याखेरीज आढळलेले. बहुतेक वेळा तिच्यापुढे "काही नाही" असंच असायचं. वरिष्ठ ती ओळ खोडायचे, मी पुन्हा टाइप करायचे. दोनदा कोर्टात वकिलांनी त्याच ओळीवरून मला फाडून खाल्लं. साहेबांनी सांगितलं होतं तसंच. मीरा, हे मी तुला उपदेश म्हणून सांगत नाही. काय होतं ते सांगते आहे.

साहेबांना मी नंतर एकदाच भेटले. तुमची आई तेव्हा चार वर्षांची होती. ते नागपूरला बहिणीकडे राहत होते. नजर अधू झाली होती. बहिणीने चहा आणला, माझी चौकशी केली, मुलीच्या हातात लाडू दिला. साहेबांनी त्या लाडवाकडे पाहिलंही नाही. बहीण आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "सुखदेव चालतो का?"

"चालतो," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. कदाचित नीट दिसत नसेल म्हणून असेल. मग हळू आवाजात म्हणाले, "पुरं सांगा, बाई."

मी सांगितलं. दोन काठ्या लागतात. उकिडवं बसता येत नाही, म्हणून दुकानात त्याच्यासाठी लाकडी खोकं आहे. सकाळी बायको उठवते. पावसाळ्यात पाय जास्त आखडतात. मुलगी शाळेत घातली आहे. पहिल्या वर्षी एकदा रुळांपाशी जाऊन बसला होता, तुळशीरामने आणलं. डाळ, कुठलीही डाळ, तो खात नाही. तुमच्याबद्दल कधी वाईट बोलत नाही, चांगलंही बोलत नाही.

ते मान हलवत ऐकत होते, आकडे उतरवून घेताना हलवायचे तशी. मी थांबले की म्हणायचे, "अजून?" शेवटी माझ्याकडे सांगण्यासारखं उरलं नाही. तेव्हा त्यांनी "बरं" म्हटलं आणि तुमच्या आईला नाव विचारलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं मला पत्राने कळलं. पत्र पोहोचेपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं.

आता मागे काय उरलं ते लिहून थांबते. पत्र्याच्या त्या दोन खोल्या राहिल्या नाहीत, तिथे मोबाइलची दुकानं झाली. तुळशीराम जाऊन बारा वर्षं झाली. निवृत्तीआधी एकदा मी जुनी फाइल मागवून पाहिली होती. तीत पहिला अहवाल आहे, चौकशीचा निकाल आहे, दुसरा अहवाल नाही. सुखदेव आहे. वैशाली नगरात मुलीकडे असतो, वय पंच्याऐंशीच्या आसपास. बायको गेली. मागच्या महिन्यात मी जाऊन आले तेव्हा तो दारापासून रस्त्यापर्यंत आला आणि परत आत गेला. ते अंतर साधारण तीस पावलांचं आहे, आणि टाचा अजून टेकत नाहीत.

तुमची,
आजी